बर्फावरची झाडलोट

कर्लिंग म्हटलं की आपल्याकडे आधी केस आठवतात. मग कोणीतरी सांगतं की अरे नाही, तो हिवाळी ऑलिम्पिकमधला खेळ, ज्यात एक जण किटलीसारखा दिसणारा दगड बर्फावरून सोडतो आणि दोघं जण त्या दगडापुढे जीव तोडून झाडू मारत पळतात. त्यावर ठरलेला विनोद येतोच, "आमच्या कामवाल्या मावशींना पाठवा, गोल्ड घेऊन येतील!" पूर्वी हा विनोद ऑफिसच्या फॉरवर्ड मेलमधून यायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. मजकुरात बदल शून्य.

मला हा खेळ मनापासून आवडतो, म्हणून आज त्याची थोडी वकिली करणार आहे. त्यातून तुम्हाला खेळ कळलाच तर उत्तम. पण माझा मुद्दा नुसता "बघा, किती छान" एवढा नाहीये. हा खेळ एका अजब गृहीतकावर उभा आहे: ज्याची चूक झाली तोच ती आधी सांगणार. ऑलिम्पिकची पदकं, टीव्ही, स्पॉन्सर हे सगळं आल्यावर ते गृहीतक किती टिकतं, हा मला त्यातला सगळ्यात रंजक भाग वाटतो. पण त्याआधी खेळ समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

ज्याला कॅरम येतो त्याला कर्लिंग अर्ध्या तासात येतं (म्हणजे कळतं, खेळता येतं असं नाही). बर्फाची एक लांबलचक पट्टी, साधारण 45 मीटर लांब आणि 5 मीटरपेक्षा थोडी कमी रुंद. क्रिकेटची सव्वादोन पिचेस एकापुढे एक ठेवली तर जेवढी लांबी होईल तेवढी. दोन्ही टोकांना जमिनीवर रंगवलेलं, बारा फूट व्यासाचं गोल निशाण. त्याला म्हणतात हाऊस, आपण घर म्हणू. एका टोकाकडून दगड सोडायचा आणि तो समोरच्या घरात, जमलं तर अगदी मध्यावर, नेऊन थांबवायचा. टीममध्ये चार जण, प्रत्येकाचे दोन दगड. दोन्ही टीम आळीपाळीने सोडतात, असे सोळा दगड झाले की एक 'एंड' संपला. ऑलिम्पिकमध्ये चौघांच्या सामन्यात असे दहा एंड असतात.

दगड म्हणजे खरंच दगड बरं का, ग्रॅनाइटचा. नियमाप्रमाणे मुठीसकट जास्तीत जास्त 19.96 किलो. विमानात चेक-इन करायच्या भरलेल्या बॅगेएवढं वजन! चांगले दगड ज्या ग्रॅनाइटचे होतात तो स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या एका छोट्याशा निर्मनुष्य बेटावर मिळतो. त्यातला एक प्रकार इतका घट्ट विणीचा आहे की पाणी आत शिरत नाही, त्यामुळे गोठणं-वितळणं चालू राहिलं तरी दगडाचा पृष्ठभाग खराब होत नाही. बर्फाला टेकणारा भाग त्याचा करतात. खेळही मूळचा तिथलाच. तिथल्या एका जुन्या दगडावर 1511 हे साल कोरलेलं आहे. गोठलेल्या तळ्यांवर, हिवाळ्यात शेतीची कामं नसताना, हाताला लागेल तो धोंडा घेऊन खेळायचा हा खेळ. पुढे स्कॉटिश लोक कॅनडात गेले आणि खेळही सोबत घेऊन गेले. मॉन्ट्रियलचा क्लब 1807 सालचा आहे. आज कॅनडात कर्लिंग म्हणजे आपल्याकडे गल्लीतलं कॅरम आणि टीव्हीवरचं क्रिकेट यांच्या मध्ये कुठेतरी.

आता गुण कसे मोजतात ते नीट वाचा, कारण सगळी गंमत इथे आहे. एंड संपल्यावर फक्त एकाच टीमला गुण मिळतात. ज्यांचा दगड मध्याच्या सगळ्यात जवळ, त्यांना. आणि समोरच्यांचा सर्वात जवळचा दगड जिथे आहे, त्याच्या आत यांचे जितके दगड, तितके गुण. म्हणजे लाल, लाल, पिवळा असा क्रम असेल तर लालला दोन, पिवळ्याला भोपळा. पिवळ्यांचे त्यामागे पाच दगड घरात असले तरी भोपळाच.

साहजिकच, शेवटचा दगड ज्याच्या हातात त्याची चांदी. या शेवटच्या दगडाला 'हॅमर' म्हणतात. ज्यांना गुण मिळाले त्यांच्याकडून पुढच्या एंडला हॅमर काढून समोरच्यांना दिला जातो. आणि कोणालाच गुण मिळाला नाही, तर हॅमर ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहतो. (मिश्र दुहेरीत हे उलटं आहे, तिथे कोरा एंड गेला की हॅमर जातो. तो प्रकार वेगळा, सध्या सोडून द्या.)

या एका नियमातून काय निघतं बघा. समजा हॅमर तुमच्याकडे आहे, घर रिकामं आहे आणि शेवटचा दगड उरलाय. सरळ घरात टाकला की एक गुण. पण मोठ्या सामन्यांत खेळाडू काय करतात? तो दगड मुद्दाम घराच्या आरपार घालवून फुकट घालवतात! पहिल्यांदा बघणारा म्हणतो, हे काय, सोपा होता की. तर एका गुणासाठी हॅमर देऊन टाकणं हा तोट्याचा सौदा असतो. हॅमर असलेल्यांना किमान दोन हवे असतात. नसलेल्यांचा प्रयत्न असतो की समोरच्याला एकावरच समाधान मानायला लावायचं, किंवा त्याच्या हॅमरवर आपण गुण चोरायचा. कर्लिंगमध्ये 'चोरणं' हा अधिकृत शब्द आहे. हे डोक्यात बसलं की मग सामना बुद्धिबळासारखा दिसायला लागतो. तेराव्या-चौदाव्या दगडाला जे होणार त्याची तयारी दुसऱ्या-तिसऱ्या दगडाला चाललेली असते. सुरुवातीचे दगड घरात न टाकता पुढे रांगेत पहारेकरी म्हणून उभे करतात, त्यांच्या आडोशाने मागचे लपवतात. आणि समोरचा सगळे पहारेकरी उडवून खेळ कंटाळवाणा करू नये म्हणून नियमच आहे की एंडच्या पहिल्या पाच दगडांत घराबाहेरचा असा पहारेकरी उडवता येत नाही.

2018 ची प्याँगचांगची पुरुषांची फायनल यासाठी जरूर बघा. अमेरिका विरुद्ध स्वीडन. सात एंडनंतर 5-5. आठव्यात हॅमर अमेरिकेकडे. स्वीडनचा अंदाज थोडा चुकला आणि जॉन शूस्टरने शेवटच्या दगडावर त्यांचे दोन दगड एका फटक्यात घराबाहेर घालवले. एका एंडमध्ये पाच गुण! त्या पातळीवर पाच म्हणजे एका ओव्हरमध्ये छत्तीस. सामना 10-7 ने अमेरिकेला. हा शूस्टर 2010 च्या ऑलिम्पिकमध्ये कर्णधार असून एका सामन्यात बाकावर बसवला गेला होता, 2014 मध्ये त्याच्या टीमने फक्त दोन सामने जिंकले, आणि त्यानंतर त्यांच्या संघटनेने त्याला आपल्या खास प्रशिक्षण कार्यक्रमात घेतलंच नाही. असेच नाकारलेले आणखी काही जण गोळा करून त्याने ही टीम बांधली होती. हिंदी सिनेमावाल्यांना कथा हवी असेल तर तयार आहे.

बरं, झाडूचं काय? सांगतो. बर्फ आरशासारखा गुळगुळीत नसतो. खेळाआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून पुरळासारखे बारीक बारीक उंचवटे होतात. दगडाची बूडही सपाट नसते, खोलगट असते, तिची फक्त एक अरुंद गोल कडा या उंचवट्यांवरून सरकते. दगड सोडताना मुठीला हलकासा पीळ देतात, त्यामुळे तो सावकाश फिरत फिरत जातो आणि शेवटी शेवटी एका बाजूला वळतो. हेच ते कर्लिंग. पुढे झाडू घासला की बर्फ किंचित गरम होतो, घर्षण कमी होतं, दगड जास्त लांब आणि जास्त सरळ जातो. कॅरमवर बोरिक पावडर मारतो तसंच, फक्त इथे स्ट्रायकर सुटल्यानंतर, तो चालत असताना, त्याच्यापुढे पावडर मारायची मुभा आहे असं समजा. दगड पोचायला वीस-पंचवीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात निर्णय बदलत राहतात: घासा, थांबा, घासा घासा घासा! 2018 मध्येच कोरियाच्या महिला टीमची कर्णधार किम उन-जंग "योंग-मीऽऽऽ" म्हणून ओरडायची ते आठवतंय? योंग-मी ही तिची झाडूवाली सहकारी. पाचही जणींचं आडनाव किम, त्यातल्या चौघी लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या उइसाँग परगण्यातल्या, म्हणून जग त्यांना 'गार्लिक गर्ल्स' म्हणायला लागलं. रौप्यपदक घेऊन गेल्या.

आणि एक गोष्ट माझ्यातल्या इंजिनिअरला स्वस्थ बसू देत नाही. घरी करून बघा: काचेचा ग्लास टेबलावर उपडा ठेवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पुढे सरकवा. तो डावीकडे वळतो. कर्लिंगचा दगड तसाच फिरवला तर उजवीकडे वळतो. नेमका उलटा! यामागचं कारण काय यावर भौतिकशास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडताहेत. बर्फ वितळून पाण्याचा पातळ थर होतो त्यामुळे, असं काही जण म्हणतात. 2013 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी सांगितलं की दगडाची पुढची कडा बर्फावर तिरके ओरखडे पाडते आणि मागची कडा त्या ओरखड्यांवरून घसरताना दगडाला वळवते. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पाचशे वर्षं जुना खेळ, आणि तो ज्यावरून आपलं नाव मिरवतो ती गोष्टच अजून पूर्ण उलगडलेली नाही. प्रॉडक्शनमध्ये चालणाऱ्या, पण का चालतो ते कोणालाच माहीत नसलेल्या कोडची आठवण आली ना? :)

असो. आता मूळ मुद्द्यावर येतो.

कर्लिंगमध्ये पंच असतात, पण ते बहुतेक वेळ बाजूला उभे असतात. एंड संपल्यावर कोणाचा दगड जवळ हे दोन्ही टीमचे उपकर्णधार घरात उभे राहून आपसात ठरवतात. फारच जवळचं प्रकरण असेल तरच मोजपट्टी मागवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, झाडू मारता मारता तुमचा झाडू किंवा पाय चालत्या दगडाला लागला, तर ते तुम्ही स्वतः सांगायचं. हात वर करून, लगेच. अशा दगडाला 'जळलेला' दगड म्हणतात. कित्येकदा लागलेलं तुमच्याशिवाय कोणालाही कळत नाही. तरी सांगायचं.

आपल्या मराठीत एक मोठी सोय आहे. हातातून कप पडला तर आपण "कप फुटला" म्हणतो, "मी कप फोडला" म्हणत नाही. ऑफिसमध्ये सर्व्हर बंद पडतो, डेटा उडतो, डेडलाईन हुकते. रूट कॉजचा मेल उघडा, सगळं आपोआप घडलेलं असतं. कर्ता सापडेल तर शपथ. कर्लिंगमध्ये ही सोय नाही. तिथे "फोडला" असंच म्हणावं लागतं, तेसुद्धा ज्यांचा फायदा होणार त्यांच्या तोंडावर.

क्रिकेटला आपण सभ्य माणसांचा खेळ म्हणत आलो, आणि कट लागल्यावर पंचाकडे न बघता चालू पडणारा फलंदाज दिसला की अजून त्याचं कौतुक करतो. कौतुक करतो कारण तो विरळा. कर्लिंगमध्ये त्याबद्दल टाळ्याही पडत नाहीत, कारण सगळेच करतात. सामना हाताबाहेर गेला की हरणारी टीम उरलेले एंड न खेळता हात पुढे करते आणि समोरच्यांचा वेळ वाचवते. तोही शिष्टाचार.

आता गंमत बघा. 2018 च्याच ऑलिम्पिकमध्ये, महिलांच्या कॅनडा-डेन्मार्क सामन्यात, डेन्मार्कच्या एका खेळाडूचा झाडू त्यांच्याच दगडाला लागला. दगड घराकडे पोचत असताना असं झालं तर नियम असा की सगळे दगड थांबू द्यायचे, मग समोरच्या कर्णधाराने ठरवायचं. दगड आहे तिथे राहू द्यायचा, किंवा काढून टाकायचा, किंवा स्पर्श झाला नसता तर दगड जिथे गेले असते तिथे अंदाजाने ठेवायचे. धक्का किरकोळ असेल तर बहुतेक कर्णधार म्हणतात, राहू दे. कॅनडाच्या रेचल होमनने दगड उचलून बाजूला केला. झालं! खुद्द कॅनडातसुद्धा तिच्यावर टीका झाली: नियमात बसतं पण खेळाच्या वृत्तीत बसत नाही. सामना शेवटी डेन्मार्कनेच जिंकला.

मला होमनची बाजू घ्यावीशी वाटते. ज्या नियमाने तुम्ही तिला तीन पर्याय दिलेत, त्यातला एक निवडला म्हणून तिला दोष कसा देता? मोठेपणा सक्तीचा केला तर तो मोठेपणा राहत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या प्रसंगातला माझ्या मते महत्त्वाचा भाग चर्चेत मागेच राहिला. ऑलिम्पिकच्या सामन्यात एका टीमचा दगड जळला, आणि व्हिडिओ रिव्ह्यू, अपील, पंचाशी हुज्जत असं काहीही न होता दोन मिनिटांत प्रकरण मिटलं. फुटबॉलमध्ये हे घडलं असतं तर?

याहून मोठी परीक्षा त्याआधी, 2015 च्या हिवाळी मोसमात झाली होती. झाडूच्या टोकाला लावायची नवीन कापडं बाजारात आली. खरखरीत आणि एकाच दिशेने काम करणारी. त्यांनी ठरावीक कोनात घासलं की बर्फावर बारीक ओरखडे पडायचे आणि दगडाला जवळजवळ स्टिअरिंग बसायचं. म्हणजे सोडणाऱ्याने दगड जरा चुकीचा सोडला तरी एक तगडा झाडूवाला त्याला रस्त्यावर आणून ठेवणार. ज्या कौशल्यासाठी माणूस पंधरा-वीस वर्षं घालवतो ते एका कापडाच्या तुकड्याने निकालात निघायची वेळ आली. सोशल मीडियावर याला 'ब्रूमगेट' नाव पडलं. (गेट लावल्याशिवाय इंग्रजी पत्रकारांना चैन पडत नाही.)

यात कोणी नियम मोडत नव्हतं, कारण नियमच नव्हता. अशा वेळी आपल्या धंद्यात काय होतं ते आपल्याला माहितीये. कायद्यात पळवाट आहे ना, मग स्पर्धकाच्या आधी वापरा. इथे 22 आघाडीच्या टीमनी मिळून जाहीर केलं की आम्ही ही कापडं वापरणार नाही. जागतिक संघटनेचे पक्के नियम नंतर आले. 2016 च्या मे महिन्यात कॅनडातल्या केम्प्टव्हिल गावात शास्त्रज्ञ आणि खेळाडू एकत्र बसले, वेगवेगळी कापडं बर्फावर घासून मोजमापं घेतली, आणि मग मोठ्या स्पर्धांसाठी एकच मान्यताप्राप्त कापड ठरलं.

म्हणजे कर्लर सगळे साधुसंत असतात असं नाही हं. 2018 मध्ये कॅनडातल्या एका स्पर्धेतून एक टीम दारू पिऊन खेळायला आली म्हणून हाकलली गेली, त्यात एक ऑलिम्पिक विजेताही होता. त्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीतल्या रशियन जोडीचं कांस्यपदक डोपिंगमुळे गेलं. (झाडू मारायला डोपिंग कशाला, हा विनोद तेव्हाही फिरलाच. पूर्ण जोर लावून सामनाभर घासून बघा, मग बोलू.) दगड ठरलेल्या रेषेआधी हातातून सुटला की नाही हे कळायला मुठीत सेन्सर बसवलेले दगडही मोठ्या स्पर्धांत आले, लाल-हिरवा दिवा लागणारे. विश्वासावर भागत नाही असं कुठेतरी वाटलं म्हणूनच ना?

माझं मत असं की रेषेसाठी सेन्सर ठीक आहे, कारण वेगात सरकत असताना आपला हात नेमका कधी सुटला हे खुद्द खेळाडूलाही नीट कळत नाही. पण झाडू दगडाला लागला, हे त्याला हमखास कळतं. तिथे कॅमेरा बसवू नये. एकदा कॅमेरा बघायला लागला की सांगायची जबाबदारी कॅमेऱ्याची होते, आणि कॅमेऱ्याने पकडलं नाही म्हणजे लागलंच नाही असं सगळे सोयीस्करपणे मानायला लागतात. क्रिकेटमध्ये डीआरएस आल्यावर निर्णय अचूक झाले, ते चांगलंच झालं, पण चालू पडणारे फलंदाज त्यामुळे वाढले असं मला तरी दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर जरूर सांगा.

तर, बघायचं असेल तर एक टिप. आवाज बंद ठेवून बघू नका. टीव्हीवरच्या सामन्यांत खेळाडूंच्या अंगावर माइक असतात, त्यामुळे पुढचा दगड कुठे टाकायचा यावरचा त्यांचा सगळा खल ऐकू येतो. दुसऱ्या कुठल्या खेळात कर्णधाराचा प्लॅन अंमलबजावणीच्या आधी ऐकायला मिळतो? पहिले दोन एंड नुसते ऐका, तिसऱ्यापासून तुम्हीच सोफ्यावरून सल्ले द्यायला लागाल.

आणि ऑनसाइटला टोरांटो, मिनेसोटा, एडिंबरा असं कुठे असाल तर जवळच्या क्लबमध्ये नवशिक्यांसाठी दोन-तीन तासांचं सेशन असतं का बघा. झाडू, दगड ते देतात. आपण स्वच्छ तळव्याचे बूट आणि गुडघ्यात वाकता येईल अशी पँट घालून जायचं. पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी आपटाल. आणि खेळ संपल्या संपल्या घरी पळू नका, जिंकलेल्यांनी हरलेल्यांना ड्रिंक पाजायची तिथे जुनी पद्धत आहे.